'परेड': ताती आजोबांचा शेवटचा खेळ, आणि खुर्च्यांत बसलेले आपण

शेवटची_रांग
शनिवार, रात्री ११:४२

आधीच कबूल करते, हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा वीस मिनिटांत माझा हात मोबाइलकडे गेला होता. फ्रेंच विनोदी दिग्दर्शक-नट झाक तातीचा शेवटचा चित्रपट म्हणून मोठ्या भक्तिभावाने बसले होते. त्याचा 'प्लेटाइम' तीनदा पाहिलेला. तो उंच, पुढे झुकून चालणारा, रेनकोट, पाइप आणि आखूड पँटवाला उलो, म्हणजे त्याच्या चित्रपटांत तातीने स्वतःच केलेलं ते पात्र, घरातलाच कुणी चुलतमामा वाटायचा. आणि इथे काय, तर सर्कस! गोष्ट नाही, उलो नाही, नायक नाही. कसरतवाले येतात, जादूगार येतो, एक खेचर येतं, कुणी गाणं म्हणतं, आणि मधेमधे साठी ओलांडलेला ताती स्वतः येऊन नकला करून जातो. थर्टी फर्स्टला टीव्हीवर लागायचा तसला कार्यक्रम. मी उठून चहा ठेवला.

गेल्या रविवारी सर्दीने पडून होते म्हणून पुन्हा लावला. यावेळी रिंगकडे बघायचं सोडून खुर्च्यांकडे बघत बसले. आणि हो, मंडळी, खरा चित्रपट तिथे चाललाय!

सुरुवातीलाच लोक आत येतायत. बाहेर रस्त्यावरचा तो पट्ट्यापट्ट्यांचा शंकू असतो ना, रस्ता खोदला की ठेवतात तो, एक पोरगा तो उचलतो आणि टोपीसारखा डोक्यावर चढवतो. विनोद एवढाच. ताती तो अधोरेखितही करत नाही, कॅमेरा पुढे निघून जातो. पण अजून तिकीट फाटलेलं नाही आणि विदूषकाची टोपी एका प्रेक्षकाच्या डोक्यावर बसलीसुद्धा.

मग आत. प्रेक्षकांत काही जण पुठ्ठ्याचे आहेत. गंमत करत नाहीये, माणसांचे फोटो कापून खऱ्या माणसांच्या मधोमध बसवलेत. 'प्लेटाइम'मध्येही मागच्या गर्दीत त्याने ही चलाखी केली होती, पण तिथे ती खर्च वाचवायला असावी असं वाटून सोडून देता येतं. इथे तो पुठ्ठा लपवतही नाही. पडद्यामागे रंगारी भिंती रंगवतायत, तेच हातातले ब्रश हवेत उडवून झेलायला लागतात. ते कलाकार आहेत की कामगार? खेचरावर बसायला खाली येणारे लोक प्रेक्षक आहेत की पढवून ठेवलेले? तासाभराने मला सांगता येईना.

शेवट मात्र सांगणार नाही असं ठरवलं होतं, पण राहवत नाही. खेळ संपतो. लोक जातात. दोन चिमुरडी पोरं, एक मुलगा आणि एक मुलगी, मागे राहतात. रिकाम्या जागेत सामान पडलंय, वाद्यं पडलीयत. ती पोरं तिथे रेंगाळतात, या वस्तूला हात लाव, ती उचलून बघ, मघाशी पाहिलेलं जमतं का ते करून बघ. जमत काहीच नाही. आणि म्हातारा माणूस त्या पोरांना बराच वेळ तसं करू देतो. संगीताचा उमाळा नाही, टाटा नाही.

प्रश्न असा की याला चित्रपट म्हणायचं का? आणि निरोप म्हणायचं का? तुम्हाला काय वाटतं ते लिहा. ज्यांनी पाहिला नाही त्यांनीही लिहा, इथे तसं कुणी थांबत नाही म्हणा.

ढब्बूपैसा
शनिवार, रात्री ११:५८

रुमाल टाकून ठेवतो. पाहिला नाही, तरी मत आहेच, पण ते सकाळी.

काठावरचा
रविवार, सकाळी ८:१५

लेख छान, पण जरा पाणी ओततो. तातीचं नाव काढून टाका आणि मग हा चित्रपट दाखवा. अर्धी माणसं मध्यंतरालाच घरी जातील. (त्यात मध्यंतरही आहे, आणि तेव्हाही खेळ चालूच असतो. म्हणजे सुटका नाही.)

जरा व्यवहाराचं बोलू. त्याच्या आधीच्या 'माँ ओंक्ल'ला ऑस्कर मिळाल्यावर याने 'प्लेटाइम' काढला. ७० मिमी, म्हणजे नेहमीपेक्षा दुप्पट रुंद फिल्मवर. पॅरिसच्या कडेला शहराचा एक तुकडाच उभारला, रस्ते, काचेच्या इमारती, सगळं. काही वर्षं शूटिंग चाललं. १९६७ मध्ये तो लागला आणि पडला. माणूस कर्जात बुडाला, राहतं घर गेलं, आधीच्या चित्रपटांचे हक्क हातातून गेले. १९७१ चा 'ट्राफिक' कसाबसा झाला. त्यानंतर फ्रान्समध्ये पैसे लावायला कुणी पुढे येईना, तेव्हा स्वीडिश टेलिव्हिजनने हात दिला. त्यातून १९७४ चा हा 'परेड'. बराचसा व्हिडिओ कॅमेऱ्यांवर आणि थोडा फिल्मवर. दोन्हींचा जोड उघड्या डोळ्यांना दिसतो. व्हिडिओचे रंग पाण्यात धुतल्यासारखे.

जो माणूस ७० मिमीच्या कोपऱ्यात मुंगीएवढा विनोद लपवायचा, त्याला सात वर्षांत टीव्हीच्या पट्टीवर काम करावं लागलं. हे पोटासाठी केलेलं काम आहे. त्यात वाईट काही नाही. पण आपण भक्तांनी त्याला उगाच उपनिषद करू नये. आणि ते सत्तरच्या दशकातलं झगमगीत बँडवाजवणं? माफ करा, मी पुढे ढकललं.

शेवटची_रांग
रविवार, सकाळी ९:०२

काठावरचा, बँडबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. मीही पहिल्यांदा ढकललं होतं. दुसऱ्यांदा ढकललं नाही, कारण रिमोट पायाशी पडला होता.

पण पोटासाठी केलं म्हणून कमी कसं? सर्कसवाले काय छंद म्हणून झुल्यावर चढतात?

चौथी_घंटा
रविवार, सकाळी १०:३०

मी एकांकिका बसवतो, मुलांना अंगाने बोलायला शिकवतो, म्हणून माझं लक्ष फक्त तातीच्या नकलांकडे होतं. त्यावर कुणी लिहिलं नाही, मी लिहितो. जरा लांबेल.

या नकला १९७४ च्या नाहीतच. चाळीस वर्षं जुन्या आहेत. ताती तरुणपणी पॅरिसमध्ये रग्बी खेळायचा, चांगला खेळायचा. घरचा धंदा चित्रांच्या चौकटी करायचा, बापाला वाटायचं पोराने तो सांभाळावा. पोरगा सामन्यानंतर जेवणाच्या टेबलावर टीमची नक्कल करून दाखवायचा. त्यातूनच तिसाच्या दशकात तो म्युझिक हॉलमध्ये 'खेळाडूंच्या नकला' करायला लागला. लेखिका कोलेत हिने १९३६ मध्ये त्याचं कौतुक छापलं. ती जे म्हणाली त्याचा मथितार्थ असा की हा माणूस एकाच वेळी खेळाडूही होतो आणि चेंडूही, सायकलही आणि सायकलवालाही, घोडाही आणि स्वारही.

हे ऐकायला काव्यात्म वाटतं, पण अगदी यांत्रिक आहे. घोडेस्वाराची नक्कल पाहा. कमरेच्या वर माणूस, कमरेच्या खाली घोडा. वरचा भाग ताठ, लगाम धरलेला, चेहऱ्यावर साहेबी रुबाब. खालचे पाय मात्र घोड्याचे, ते बिचकतात, आडवे सरकतात, चाल बदलतात. आणि वरच्या माणसाला त्या पायांचं काय करावं ते कळत नाही! एका शरीरात दोन मनं. माझ्या मुलांना मी हे करायला सांगितलं. दहा सेकंदांत सगळ्यांची वर-खाली गल्लत झाली. कुणी वरूनही घोडा झाला, कुणी खालूनही साहेब.

आणि टेनिस. एका भागात तो मंदगतीत खेळतो. कॅमेऱ्याची मंदगती नाही, ही अंगाची. मंदगतीत उडी मारायची म्हणजे काय करायचं? उडी तर मंद होत नाही, पृथ्वी ओढतेच. म्हणून तो उडतच नाही. वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेताना टाचा, गुडघे, खांदा, मग मनगट असं एकेक सोडत जातो आणि आपण तरंगणं पाहिल्याची शपथ घेतो. साठीच्या पुढचा, सहा फुटांहून उंच माणूस. धाप लागलेली दिसत नाही. मासे धरणारा, मुष्टियोद्धा, गोलकीपर, देशोदेशींचे वाहतूक पोलीस, सगळ्यांत हेच, की माणूस काय करतो यापेक्षा माणसाला आपण काय करतोय असं वाटतं ते तो दाखवतो.

आता मुद्दा. या नकला तरुण तातीच्या नीट, सलग, आख्ख्या अशा फारशा उपलब्ध नाहीत. त्या जपून ठेवायच्या तर उलोच्या गोष्टीत त्यांना जागा नव्हती. सर्कसमध्ये होती. इथे तो रिंगमास्टर आहे, फ्रेंच सर्कशीत ज्याला 'मस्य लुआयाल' म्हणतात. आता माझे आयटम सादर करतो, एवढं म्हणायला तो मोकळा. काठावरचा म्हणतात ते पोटासाठी असेल. मला तर हा म्हाताऱ्याने ट्रंक उघडून जुने कपडे एकदा उन्हात घातल्यासारखं वाटलं.

ढब्बूपैसा
रविवार, सकाळी १०:४७

सकाळ झाली. माझं मत: 'परेड' म्हटल्यावर मला २६ जानेवारीच आठवते. फ्रेंचात हे 'पाराद' ना? काडी टाकून पळतो.

चौथी_घंटा
रविवार, सकाळी ११:१०

पळू नका, काडी चांगली आहे. उच्चार 'पाराद'च्याच जवळचा. आणि फ्रेंच जत्रेत 'पाराद' म्हणजे संचलन नव्हे फक्त. तंबूच्या बाहेर, दारात, एका फळीवर उभं राहून फुकट दाखवतात तो तुकडा, म्हणजे आतल्या खेळाचा मासला. बघणाऱ्याने खिशात हात घालावा म्हणून केलेला. फ्रेंच चित्रकार जॉर्ज सरा याने १८८७-८८ मध्ये यावर एक मोठं चित्र काढलंय, गॅसदिव्यांच्या रांगेखाली वाजंत्री उभे आहेत आणि पुढे पाठमोऱ्या टोप्या. तिथेही बघणारेच चित्रात आहेत बघा.

आपल्याकडे सर्कस आली की भोंगा लावलेली रिक्षा गावभर फिरायची, 'आज तीन खेळ, दुपारी एक, चार आणि सात', ती आपली पाराद.

निळी_छत्री
रविवार, दुपारी १२:२०

भोंगा!! अंगावर काटा आला. आमच्या शाळेच्या मागच्या मैदानात तंबू लागायचा. गॅलरीचं तिकीट. फळ्यांच्या फटीतून चप्पल खाली पडली की खेळ संपेपर्यंत एका पायाने बसायचं.

एक विचारायचं होतं, या चित्रपटात प्राण्यांचे हाल वगैरे आहेत का? मुलीला दाखवायचाय, ती त्या बाबतीत फार हळवी आहे.

शेवटची_रांग
रविवार, दुपारी १२:३५

वाघ-सिंह-पिंजरा-चाबूक असं काही नाही. खेचराचा आयटम आहे, आणि त्यात हाल झालेच तर माणसांचे होतात. ते खेचर कुणाला पाठीवर टिकू देत नाही. दाखवा बिनधास्त.

लिंगोनबेरी
रविवार, दुपारी ४:०५ (इकडे साडेबारा)

स्टॉकहोमहून. हा धागा पाहून उठून बसले, कारण ही इमारत माझ्या रोजच्या रस्त्यावर आहे!

'सिर्कुस' असंच तिचं नाव. यूरगॉर्डन नावाच्या बेटावर, स्कान्सेन संग्रहालयाच्या शेजारी. ७ नंबरची ट्राम जवळ सोडते. १८९२ मध्ये खास सर्कससाठी बांधलेली गोल इमारत, तंबू नव्हे. आता तिथे मैफली, संगीतिका, बक्षीस समारंभ असलं होतं. मी दोनदा आत गेलेय. सांगायचं ते हे, की ती गोल आहे म्हणून समोरच्या बाजूचे प्रेक्षक तुम्हाला सतत दिसतात. साध्या नाट्यगृहात पुढच्याचं टक्कल दिसतं. इथे समोरच्याचा चेहरा. कुणी जांभई दिली तर तीही दिसते. शेवटची_रांग म्हणतेय ते खुर्च्यांकडे बघणं तिथे बसलं की आपोआप होतं, तातीला ते कुठून शोधून आणावं लागलं नसणार.

आणि कॅमेऱ्याबद्दल. काठावरचा धुतलेल्या रंगांबद्दल बोलले, पण छायाचित्रकारांत गुन्नार फिशर आहे! स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनच्या 'सेव्हन्थ सील'मध्ये तो मृत्यू समुद्रकिनाऱ्यावर बुद्धिबळ खेळतो, ते याचं काम. मृत्यूचं चित्रण केलेला माणूस इथे खेचराच्या मागे पळतोय, हे मला फार आवडलं.

स्वीडिश लोकांबद्दल एक आगाऊ निरीक्षण: ही माणसं हात वर करून स्टेजवर जाणारी नाहीत. ऑफिसात वाढदिवसाचं गाणं म्हणायला सांगितलं तरी जमिनीकडे बघतात. त्यांना या फ्रेंच म्हाताऱ्याने रिंगमध्ये उतरवलं.

काठावरचा
रविवार, दुपारी ४:४०

लिंगोनबेरी, फिशरचं माहीत नव्हतं. रंगांबद्दलचं विधान अर्धं मागे घेतो. बँडबद्दलचं नाही.

तासगावचा_नातू
रविवार, रात्री ९:३०

मी इथे फक्त वाचतो, लिहीत नाही. पण 'प्रेक्षक की पढवून ठेवलेले' हे वाक्य वाचलं आणि दिवसभर डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय. टंकायची सवय नाही, सांभाळून घ्या.

आमचा आज्जा सर्कशीत होता. आमच्या भागात यात काही विशेष नाही. विष्णुपंत छत्रे अंकलखोपचे, त्यांनी १८८० मध्ये 'ग्रेट इंडियन सर्कस' काढली. चियारिनी नावाच्या इटालियनाची सर्कस मुंबईत आली होती, ती बघून. मग म्हैसाळचे देवल, मग कार्लेकर. सांगली-मिरज-तासगाव पट्ट्यात पुष्कळ घरांत कुणी ना कुणी तंबूत गेलेला असायचा. आज्जा त्यामानाने फार नंतरचा, साठ-सत्तरच्या दशकातला, आणि मोठा कलाकार वगैरे नव्हता. आधी रिंगबॉय. खुंटे ठोकायचे, गालिचा ओढायचा, जाळी ताणायची. मग झुल्यावर शिकला. एका मुक्कामात जाळीच्या कडेवर पडला आणि उजवा गुडघा गेला.

मालकाने घरी पाठवलं नाही, दुसरं काम दिलं. आमच्या घरात त्या कामाला 'पाव्हणा' म्हणतात. काम असं: धोतर, टोपी, खांद्यावर उपरणं, हातात पिशवी. पब्लिकच्या दारातून, पब्लिकच्या रांगेत उभं राहून आत यायचं. गॅलरीत मधोमध बसायचं. शेंगा खायच्या, शेजाऱ्याला गाव विचारायचं, पाऊसपाण्याचं बोलायचं. घोडीचा आयटम लागला आणि रिंगमास्टरने 'है कोई माई का लाल' म्हटलं की उठायचं. शेजारी धोतर धरून खाली ओढायचे, 'म्हातारबा, बसा खाली, हाडं मोडतील'. ते ओढणं खरं असायचं. आज्जा म्हणायचा, माझ्या आयटमला पगारी साथीदार नव्हता, रोज नवा आणि रोज फुकट.

मग तो लंगडत रिंगमध्ये यायचा. लंगडणं खरं. लोक हसायचे. घोडीवरून दोनदा पडायचा. तिसऱ्यांदा पाठीवर उभा राहायचा आणि धोतर सोडून टाकायचा. खाली चमकीची तंग विजार! गुडघा गेलेला माणूस धावत्या घोडीवर उभा कसा राहायचा ते मला माहीत नाही. त्यालाही विचारलं तर म्हणायचा, जमिनीवर दुखतं, घोडीवर दुखत नाही.

यातली मेख ऐका. मुक्काम तीन-चार आठवड्यांचा. तेवढे दिवस आज्जाला गावात फिरायची बंदी. बाजारात कुणी ओळखला तर आयटम गेला. बाकीचे कलाकार संध्याकाळी देवळात जायचे, सिनेमाला जायचे, पोरं त्यांच्या मागे फिरायची. आज्जा राहुटीत. सगळ्या सर्कशीत ज्याने गाव पाहायचं नाही असा तो एकटाच, कारण तो 'गावातला' होता.

तुमचा चित्रपट मी आत्ता संध्याकाळी पाहिला. खेचराचा आयटम तीनदा मागे घेऊन पाहिला. खाली येणाऱ्यांत पाव्हणे कोण ते मला कळलं. कसं कळलं ते सांगणार नाही, ते धंद्याचं आहे.

शेवटची_रांग
रविवार, रात्री ९:४४

नातू, काय लिहिलंयत! मी धागा काढला तो वसूल झाला. आज्जांचे फोटो आहेत का?

तासगावचा_नातू
रविवार, रात्री ९:५२

एक आहे. पण प्रेक्षकांच्या गर्दीचा म्हणून काढलेला. आम्हाला माहीत आहे म्हणून त्यात आज्जा दिसतो.

चौथी_घंटा
रविवार, रात्री १०:१५

हे वाचून गप्प बसलो होतो. 'ते ओढणं खरं असायचं', नाटकाच्या शिबिरात मी हे दहा वर्षं समजावतोय, इतकं नीट जमलं नाही कधी.

छत्र्यांचा विषय निघालाच आहे तर एक अवांतर. विष्णुपंत ग्वाल्हेरला गाणं शिकायला गेले होते, हद्दूखाँकडे. पुढे हद्दूखाँचे चिरंजीव रहिमतखाँ यांना विष्णुपंतांनी आपल्याजवळ सांभाळलं, सर्कशीबरोबर नेलं. वाघ-घोड्यांच्या मुक्कामात ग्वाल्हेरची गायकी! तातीच्या सर्कशीत मधेच बाई येऊन गाणं म्हणते तेव्हा लोकांना ते उपरं वाटतं. आपल्याला वाटू नये.

निळी_छत्री
रविवार, रात्री १०:४०

नातू, 'जमिनीवर दुखतं, घोडीवर दुखत नाही' हे मी वहीत उतरवून घेतलं.

पण एक खुपतंय तेही लिहिते. आपण सगळे हळवे झालोय. त्या तंबूत बारक्या पोरीही असायच्या झुल्यावर, शाळा नाही, आईबाप दूर. १९९८ मध्ये वाघ, सिंह, अस्वल, माकड, बिबळ्यांवर बंदी आली, २००१ ला सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. लहान मुलांना कामावर ठेवायची बंदी त्याच कोर्टाने २०११ मध्ये आणली. म्हणजे पोरांचा नंबर जनावरांच्या दहा वर्षांनी लागला. सर्कस बुडाली म्हणून रडताना हे आठवावं.

तासगावचा_नातू
रविवार, रात्री ११:०५

छत्री ताई, खरं आहे. आज्जाला शेवटच्या काही महिन्यांचा पगारही मिळाला नाही. कंपनीचं नाव घेत नाही, ती बंद पडली. घरात कुणालाच त्याने तंबूत कामाला जाऊ दिलं नाही, माझ्या आईलाही नाही. ती मागे लागली होती.

ढब्बूपैसा
सोमवार, सकाळी ७:५०

ऑफिसच्या बसमध्ये वाचतोय, डोळे पुसतोय, शेजारचा बघतोय. मीच पाव्हणा झालो.

'मेरा नाम जोकर'चं नाव अजून कुणी कसं काढलं नाही? तिथे जोकर रडतो, आपण रडतो. इथे जोकर रडत नाही म्हणता. मग निरोप कसला?

शेवटची_रांग
सोमवार, सकाळी ८:३०

ढब्बू, तोच तर फरक. राज कपूरचा चित्रपट १९७० चा, हा १९७४ चा, दोघांनीही कर्जाचे चटके सोसलेले. पण राजूला आपलं दुःख प्रेक्षकांनी बघावं असं फार वाटतं. 'जीना यहाँ मरना यहाँ' म्हणताना तो रिंगच्या मधोमध आहे आणि समोरच्या खुर्च्यांत त्याच्या आयुष्यातल्या बायका बसल्यायत. खुर्च्याही त्याच्याच गोष्टीतल्या! ताती शेवटी मधोमध नसतोच. तिथे दोन पोरं आहेत. मला राजूसाठी रडू येतं, नाही म्हणत नाही. पण तातीचं बघून झाल्यावर उठून काहीतरी झेलून बघावंसं वाटतं. मी लिंबं झेलली. एक फ्रीजखाली गेलंय.

काठावरचा
सोमवार, दुपारी १:१५

आता मी एक दुरुस्ती करतो, आणि ती तुमच्याच बाजूची आहे, म्हणून जरा जड जातंय.

'परेड' हा ठरवून केलेला निरोप नाही. १९७४ नंतरही ताती 'कन्फ्यूजन' नावाच्या पटकथेवर काम करत होता, टीव्ही आणि जाहिरातींच्या जगावर. ती झाली नाही. १९८२ च्या नोव्हेंबरात तो गेला. निरोप आपण मागाहून म्हणतोय.

शिवाय 'परेड' ही शेवटची पूर्ण लांबीची फिल्म. कॅमेरा त्याने त्यानंतरही चालवलाय. १९७८ मध्ये कॉर्सिका बेटावरच्या बास्तिया गावाचा फुटबॉल संघ यूएफा कपच्या अंतिम फेरीत गेला, समोर हॉलंडचा पीएसव्ही आइंडहोवन. पहिला सामना बास्तियात होता. तातीने त्याचं चित्रण केलं. ते डबे तसेच पडून राहिले आणि पुष्कळ वर्षांनी त्याच्या मुलीने, सोफीने, ते जुळवून छोटा माहितीपट केला. मी काल रात्री तो पाहिला. पाऊस इतका पडलाय की मैदानाचं तळं झालंय. लोक पाणी लोटतायत. गावभर झेंडे, रंगवलेल्या गाड्या, भोंगे. सामना ०-० झाला. आणि आमच्या या महाशयांचं सामन्याकडे फारसं लक्षच नाही! तो आपला प्रेक्षकांत. खेळ संपल्यावर रिकाम्या स्टेडियममधला कचरा टिपतोय.

म्हणजे खुर्च्यांकडे बघणं हा योगायोग नव्हता, आणि पोटासाठीही नव्हतं. आधी लिहिलेलं मागे घेतो. बँड सोडून.

लिंगोनबेरी
सोमवार, रात्री ९:५० (इकडे संध्याकाळी ६:२०)

काठावरचा काठावरून पडले! आज संध्याकाळी परतताना ट्रामने मुद्दाम एक थांबा आधी उतरले. सिर्कुसच्या बाहेर कुठल्यातरी संगीतिकेची रांग होती. शिस्तीत, दोन माणसांत एक मीटर अंतर ठेवून. फुटपाथ खोदलेला. शंकू होते. कुणी हात लावला नाही. मीही नाही, कारण माझ्या बॉसची बायको रांगेत होती.

तासगावचा_नातू
मंगळवार, रात्री १०:१०

काल रात्री आईला दाखवला. तिला फ्रेंच नाही, इंग्रजी नाही, आणि लागलंही नाही, बोलणं फार नाहीच त्यात. जादूगाराला ती 'ठीक आहे' म्हणाली. खेचराच्या वेळी 'तो बघ, तो तो' म्हणत दोन पाव्हणे तिने पहिल्या फटक्यात ओळखले. मला तीनदा बघावं लागलं होतं. रंगारी ब्रश झेलायला लागले तेव्हा मात्र ताठ बसली. म्हणाली, आमच्यातही रिंगबॉय दुपारी रिकाम्या तंबूत हेच करायचे, मालक जेवायला गेला की.

शेवटची पोरं आली. ती दोघं सामानात खेळत होती, आई बघत होती, काही बोलली नाही. पाटी लागल्यावर मला म्हणाली,

"ते सगळं खाली पडलंय ते आवरणार कोण आता? सातचा खेळ आहे ना?"